पांचरात्राचे दार आणि आमचा वारसा

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे होऊन त्यांनी प्राण दिला. पण या मुलुखाचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात.

लेखाचा मुख्य मजकूर यज्ञांचा आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, नाण्यांचा. आरंभी देवतांना वंदन आहे, आणि त्यात इंद्र, चंद्र, सूर्य यांच्याबरोबर संकर्षण आणि वासुदेव ही जोडी येते. महाराष्ट्रातल्या भागवत उपासनेचा हा अगदी जुना पुरावा होय. इथे थोरल्या भावाचे, संकर्षणाचे, नाव आधी आहे. पुढे पांचरात्र संहितांनी हा क्रम बदलला. त्यांच्या मते वासुदेव हे परमतत्त्व. त्याच्यापासून संकर्षण, मग प्रद्युम्न, मग अनिरुद्ध प्रकट होतात. यालाच चतुर्व्यूह म्हणतात.

पांचरात्राची जुनी मांडणी महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय भागात सापडते. नंतर सात्वत, पौष्कर आणि जयाख्य या संहितांना या परंपरेत 'रत्नत्रय' म्हणून मान मिळाला. मूर्ती कशी घडवावी, देऊळ कसे बांधावे, पूजा आणि दीक्षा कशी द्यावी, याचे हे शास्त्र.

आमचे लक्ष वेधून घेते ती दीक्षेची गोष्ट. अनेक संहितांनी स्त्रिया आणि शूद्र यांनाही दीक्षेचा अधिकार दिला. सनातनी पंडितांना हे सारे शास्त्रच रुचले नाही. कुमारिल भट्टाने पांचरात्राला वेदबाह्य मतांच्या रांगेत बसवले. दहाव्या शतकाच्या सुमारास यामुनाचार्यांना 'आगमप्रामाण्य' हा ग्रंथ लिहून त्याचा बचाव करावा लागला. आज जे प्रमाण मानले जाते, त्यालाही एके काळी आपली जागा भांडून मिळवावी लागली.

संस्कृतातले हे ज्ञान सामान्य माणसाला दीक्षा दिली तरी भाषेमुळे दूरच राहिले. महाराष्ट्रात ते अंतर मराठीने मिटवले. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. १५७३ साली एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरचे भाष्य पुरे केले. आणि या कामाला आमचेही हात लागले. परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे चांद बोधले या सूफी सत्पुरुषाचे शिष्य होते. त्याच चांद बोधल्यांकडून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना उपदेश मिळाला. त्यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. हुसेन अंबरखानाने तर थेट गीतेवर मराठी टीका लिहिली. 'अंबरहुसेनी' हे तिचे नाव. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात अशा कवींची दखल घेतली, म्हणून निदान ही नावे तरी आमच्यापर्यंत पोचली.

हे सांगायचे ते कुणाची मर्जी राखण्यासाठी नव्हे. दुसऱ्याचा ग्रंथ समजून घेतल्याने आपले इमान उणे होत नाही. अल्बेरूनीने हजार वर्षांपूर्वी विष्णुपुराणाचे आणि गीतेचे दाखले देत हिंदुस्थानचे ज्ञान अरबीत मांडले, तेव्हा त्याचे इमान कमी झाले नाही.

पण २०२५ साली श्रीगोंद्यात शेख महंमदांचे स्थान मंदिर की दर्गा, यावरून वाद पेटला. या भांडणात 'योगसंग्राम' किती जणांनी उघडला असेल? आमच्या घरांतही तो क्वचितच दिसतो. इतरांनी आम्हाला परके म्हटले की आम्ही दुखावतो, आणि ते रास्तच आहे. पण आमच्याच पूर्वजांची मराठी आम्ही वाचली नाही, तर त्यांच्या वारशाची साक्ष कोणी द्यायची? नाणेघाटचा लेख दगडावर आहे, तो दोन हजार वर्षे टिकला. 'अंबरहुसेनी' कागदावर आहे. ती वाचणारा असेल तोवरच टिकेल.