एचएमएस केंट (१७४६)

एचएमएस केंट ही ब्रिटिश शाही नौदलाची तिसऱ्या दर्जाची शिडाची युद्धनौका होती. इ.स. १७५६ मध्ये विजयदुर्गावरील हल्ल्यात ती रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन याची ध्वजनौका होती. या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार नष्ट झाले.

बांधणी व सुरुवातीची कारकीर्द

केंटचे जलावतरण १७४६ मध्ये लंडनजवळील डेप्टफर्ड गोदीत झाले. तिच्यावर ६४ ते ७० तोफा असत. ऑक्टोबर १७४७ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या फिनिस्टेरच्या दुसऱ्या लढाईत ती सहभागी होती. त्या लढाईतील वर्तनाबद्दल तिचा कप्तान थॉमस फॉक्स याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालून त्याला पदावरून दूर करण्यात आले. १७५४ मध्ये ती वॉटसनच्या ताफ्यासह हिंदुस्थानात आली.

पार्श्वभूमी

१७१४ मध्ये लोणावळा येथे पेशवा बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यात समेट झाला आणि आंग्र्यांचे आरमार छत्रपती शाहूंच्या पक्षास मिळाले. पुढे कान्होजींचा पुत्र तुळाजी आणि बाळाजी विश्वनाथांचा नातू नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट आले. तुळाजीविरुद्ध पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग जिंकून घेण्यात आला.

विजयदुर्गावरील हल्ला

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचा ताफा विजयदुर्गासमोर (घेरिया) आला. रॉबर्ट क्लाइव्ह जमिनीवरील फौजेचा प्रमुख होता. तुळाजी या वेळी वाटाघाटींसाठी मराठ्यांच्या छावणीत गेला होता. १२ फेब्रुवारीस तोफांचा मारा सुरू झाला. तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली. जहाजे जवळजवळ नांगरलेली असल्याने ती सर्व आरमारात पसरली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत राहिला. किल्ल्यातील सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना देण्यासही त्यांनी टाळाटाळ केली. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांना देऊन पेशव्यांनी विजयदुर्ग मिळवला.

बंगाल व अखेर

त्यानंतर केंट बंगालच्या मोहिमेवर गेली. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतल्यावर २३ मार्च रोजी तिने चंदननगरच्या फ्रेंच किल्ल्यावर हल्ला केला. त्यात कप्तान हेन्री स्पीक जखमी झाला व त्याचा मुलगा जखमांमुळे मरण पावला. नौकेचीही मोठी हानी झाली आणि ती समुद्रप्रवासास निकामी ठरली. वॉटसन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. केंटवरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्हज याने या मोहिमांचा वृत्तान्त १७७३ मध्ये प्रसिद्ध केला.

महत्त्व

विजयदुर्गाच्या पाडावानंतर कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देऊ शकेल असे प्रबळ मराठा आरमार पुन्हा उभे राहिले नाही. पेशव्यांना किल्ला मिळाला, परंतु त्याच्या आश्रयाला असलेली जहाजे तोवर जळून गेली होती.