कुरू : वंशावळींनी उलगडलेला रोग

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात फोरे लोकांची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या काही गावांत स्त्रियांची संख्या घटली आणि आईविना वाढणारी मुले व विधुर पुरुष घरोघरी दिसू लागले. या स्त्रिया ‘कुरू’ने मरत होत्या. फोरे भाषेत या शब्दाचा अर्थ थरथर. महाभारतातील कुरुवंशाशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आरंभी चालताना तोल जाई. मग सर्वांगाला कंप सुटे, वाचा अडखळे, कारणावाचून हसू फुटे. शेवटी अन्न गिळणेही अशक्य होई आणि साधारण वर्षभरात मृत्यू येई. बळी जात त्या मुख्यतः प्रौढ स्त्रिया आणि मुले. प्रौढ पुरुष क्वचितच.

हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता. १९५७ मध्ये सरकारी डॉक्टर व्हिन्सेंट झिगास आणि अमेरिकी संशोधक कार्लटन गजडुसेक यांनी कुरूचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णांना ताप नव्हता, संसर्गाची खूण नव्हती. मृतांच्या मेंदूत मात्र पेशी नष्ट होऊन बारीक पोकळ्या पडलेल्या होत्या. रोग कुटुंबाकुटुंबांतून दिसत असल्याने तो आनुवंशिक असावा, असा तर्क निघाला. या तर्काची दुसरी बाजू भयंकर होती : दोष रक्तातच असेल, तर फोरेंना त्यांच्याच प्रदेशात रोखून धरावे, असा विचार पुढे आला.

फोरेंचे स्वतःचे निदान वेगळे होते. त्यांच्या मते हे चेटूक होते, आणि चेटूक करणारे पुरुष. मोठमोठ्या सभा भरवून अज्ञात चेटक्यांना ‘आमच्या बायका मारणे थांबवा’ अशी विनवणी केली जाई.

कोडे सुटू लागले ते प्रयोगशाळेबाहेर. १९६१ मध्ये रॉबर्ट ग्लास आणि शर्ली ग्लास (पुढे शर्ली लिंडेनबॉम) हे मानववंशशास्त्रज्ञ फोरेंमध्ये राहावयास आले. त्यांनी वंशावळी लिहून घेतल्या. कोण केव्हा गेले, आपल्या गावात कुरू प्रथम कधी दिसला, हे वृद्धांना विचारले. वृद्धांना ते आठवत होते! रोग पिढ्यान्‌पिढ्यांचा नव्हता. तो हयात माणसांच्या स्मरणातच गावोगाव पसरला होता. एखादा घातक जनुकीय दोष इतक्या झपाट्याने पसरत नाही.

शिवाय मृत आप्ताचे शरीर शिजवून खाण्याची अंत्यविधीची प्रथा होती. प्रिय माणूस किड्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा आप्तांच्या देही सामावावा, ही त्यामागची भावना. तिला ‘रानटीपणा’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ती समजून घेतलेली नाही. मेंदूचा वाटा प्रामुख्याने स्त्रिया व त्यांच्याजवळची लहान मुले घेत. प्रौढ पुरुष बहुधा यापासून दूर राहत. बळींची यादी अशी का होती, याचे उत्तर येथे मिळाले.

इकडे १९५९ मध्ये पशुवैद्यक विल्यम हॅडलो यांनी ‘लॅन्सेट’मधील पत्रात कुरूचे मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाशी असलेले साम्य दाखविले होते आणि वानरांवर प्रयोग सुचविला होता. त्यानुसार रुग्णांच्या मेंदूतील ऊती टोचलेल्या चिंपांझींमध्ये सुमारे दोन वर्षांनी तीच लक्षणे उमटली. १९६६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९७६ मध्ये गजडुसेक यांना नोबेल मिळाले. वंशावळी लिहिणाऱ्यांचे नाव त्या मानाने मागेच राहिले.

पण संसर्ग कशाचा? जंतू नाही, विषाणू नाही. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायॉन’ हा शब्द योजला. मेंदूतील एका स्वाभाविक प्रथिनाची घडी बिघडते आणि ते बिघडलेले प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही आपल्याच आकारात वळविते. ते साध्या शिजविण्याने नष्ट होत नाही. शरीर त्याला परके मानत नाही, म्हणून तापही येत नाही. बहुधा एका व्यक्तीच्या मेंदूत आपोआप झालेला असा बिघाड अंत्यविधीच्या वाटेने शेकडो घरांत पोहोचला असावा.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रथा थांबली. त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही कुरू झाल्याची नोंद नाही. मात्र प्रायॉन शरीरात दशकानुदशके दडून राहतो. १९९६ ते २००४ या काळातही ११ रुग्ण आढळले. सारेच प्रथा बंद होण्यापूर्वी जन्मलेले, म्हणजे बालपणीच्या एखाद्या अंत्यविधीनंतर चार-पाच दशकांनी आजारी पडलेले.