सोनेगाव, शिवणी, बेलोरा : जमिनीवरचा अंधार

रात्री विमान उतरवणं अवघड, हे कुणालाही पटतं. उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर काढून मुक्कामाच्या जागी नेणं किती किचकट असतं, ते मात्र सांगावं लागतं. मी अकोल्याचा. नोकरीची सगळी वर्षं विमानतळांच्या जमिनीतल्या दिव्यांमागे गेली. केबल, ट्रान्सफॉर्मर, निळ्या काचा हाच माझा संसार. वैमानिक आमच्याशी आभाळाबद्दल क्वचितच बोलत. बोलत ते टॅक्सीवेबद्दल, म्हणजे धावपट्टीपासून मुक्कामाच्या जागेपर्यंतच्या रस्त्याबद्दल. म्हणून विदर्भातल्या रात्रीच्या विमानांचा इतिहास मी जमिनीवरून सांगतो.

तो सुरू होतो नागपूरच्या सोनेगावला, जानेवारी १९४९ च्या अखेरीस. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळणमंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली पत्रं जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जायचं, ते नागपूरच्या त्या तास-दोन तासांच्या गडबडीमुळे. रात्रीच्या उड्डाणांना लागणाऱ्या सोयी देशात पुरेशा नाहीत, म्हणून जे. आर. डी. टाटांचा या योजनेला विरोध होता. माझ्या मते ते बरोबर होते. योजना मोलाची होती, पण सोयी मागे राहिल्या होत्या.

ती विमानं बहुतेक डाकोटा. डाकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना नाक आभाळाकडे आणि वैमानिकाला समोरचा रस्ता दिसत नाही. मग विमान नागमोडी चालवायचं. कधी डावीकडच्या खिडकीतून, कधी उजवीकडच्या, असं पुढचं बघत जायचं. वळायचं तेही एका बाजूचं इंजिन वाढवून आणि ब्रेक दाबून. पंखांचा पसारा एकोणतीस मीटर. दिवसा हे जमून जातं. पण मध्यरात्री, एकाच आवारात अशी चार विमानं, मधून टपालाच्या गाड्या आणि माणसं फिरताहेत, पंख्यांची पाती अंधारात दिसत नाहीत... त्या वैमानिकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

१२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगावहून मद्रासला निघालेलं डाकोटा उडाल्यावर लगेच कोसळलं. चौदापैकी तेरा जण गेले. असे अपघात इतिहासात राहतात. रात्री चाक कडेवरून घसरलं, पंखाचं टोक कशाला तरी घासलं, वैमानिक चुकीच्या वळणावर शिरला, याची आठवण कुणी ठेवत नाही. टपालाची ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

आमच्या अकोल्याचं शिवणीचं विमानतळ सोनेगावच्या त्या धावपळीच्याही आधीचं, १९४३ सालचं. धावपट्टी आजही चौदाशे मीटरच्या घरात. ती वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि त्या चर्चेत कित्येक वर्षं गेली. अशा लहान धावपट्ट्यांवर पूर्वी रात्री वेळ आलीच, तर रॉकेलच्या दिव्यांची रांग लावत. लांब चोचीच्या किटलीसारखा डबा, चोचीत जाड वात. गूजनेक म्हणायचे त्याला. वारा सुटला की निम्मे विझायचे. हे दिवे धावपट्टीपुरते असत. तिथून पुढे विमान न्यायचं ते हातात टॉर्च घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मागे.

विजेचे दिवे आले तेव्हा रंग ठरले. धावपट्टीच्या कडेला पांढरे, टॅक्सीवेच्या कडेला निळे, मधल्या रेषेवर हिरवे, थांबायच्या जागी लाल. कागदावर हे सोपं दिसतं. कॉकपिट जमिनीपासून फार उंच नसतं, आणि तिथून तिरकं पाहिलं की दोन रांगांचे निळे दिवे एकमेकांत मिसळतात. कोणता दिवा आपल्या वळणाचा आणि कोणता पलीकडचा, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. एप्रनवरचे, म्हणजे विमानं उभी करायच्या आवारातले, मोठे झोत थेट डोळ्यांवर येतात. पाऊस पडलेला असेल तर प्रत्येक दिव्याचं खाली प्रतिबिंब. बाजूला काहीच दिसत नसल्याने वेगाचा अंदाज चुकतो. विमान भरभर चाललेलं असतं आणि संथ वाटतं.

त्यात आपली वऱ्हाडची काळी माती. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसाळ्यात फुगवटा. दिव्याचा पाया दरवर्षी थोडा कलतो आणि प्रकाश भलतीकडे जातो. केबलच्या जोडात पाणी शिरतं. पावसाळ्यात काचांवर किडे बसतात, गवत वाढून दिवा झाकतं. आणि चाक डांबर सोडून दोन हात बाहेर गेलं तर ते काळ्या चिखलात रुतलंच समजा. एक दिवा गेला तर पूर्ण रांग विझू नये म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो. पण वळणावरचाच दिवा गेला तर वैमानिकाला तेवढंही पुरतं चुकायला.

चूक केवढी महाग पडते ते जगाने पाहिलंय. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैपेईला वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं जम्बो विमान वळणावर चुकलं, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर गेलं आणि तिथूनच उडायला निघालं. बांधकामाच्या यंत्रांवर आदळून ८३ जण गेले. वैमानिक अनुभवी होते. धावपट्टीकडे वळणारे हिरवे दिवे त्यांना भलत्या जागी घेऊन गेले, आणि बरोबर वाटेवरचा एक हिरवा दिवा बंद, दुसरा मंद होता. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट झोपू देत नाही.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. धावपट्टी १८५० मीटर. मला फार आनंद झाला. वऱ्हाडाला हे पन्नास वर्षं आधीच मिळायला हवं होतं. एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्थाही तिथेच, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या बेताने. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे पाच तासांचं रात्रीचं उड्डाण लागतं. म्हणजे विशीतली पोरं अंधारात, बहुधा एकटी, या काळ्या मातीच्या कडेने विमान चालवत धावपट्टीपर्यंत जाणार.

अमरावतीत आणि अकोल्यात रात्रीच्या विमानसेवेची मागणी होते तेव्हा बोलणं धावपट्टीच्या दिव्यांवरच थांबतं. माझी लोकप्रतिनिधींना आणि मागणी करणाऱ्या नागरिकांना विनंती आहे : त्याच निवेदनात टॅक्सीवेचे दिवे, वळणांवरच्या पाट्या, रंगवलेल्या रेषा, पाण्याचा निचरा आणि हे सगळं रोज संध्याकाळी तपासणारा कायमचा माणूस, एवढ्या गोष्टी लिहा. दिवे एकदा बसवता येतात. काळ्या मातीत ते सरळ ठेवायला दरवर्षी पैसा आणि माणूस लागतो.