भाषांतरित कायदा आणि चीन

१८३९ च्या मार्च महिन्यात सम्राटाचा खास आयुक्त म्हणून लिन त्सेशू कँटनला आला. अफूचा व्यापार बंद पाडण्याची आज्ञा त्याच्यापाशी होती. परंतु ज्या परकीयांविरुद्ध ती बजावायची, त्यांचा स्वतःचा कायदा काय म्हणतो, हे त्याला ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्यासाठी त्याने स्विस विधिज्ञ वातेल याच्या राष्ट्रांच्या कायद्यावरील १७५८ च्या ग्रंथातले काही उतारे चिनीत करवून घेतले. हानिकारक परदेशी मालास मज्जाव करण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला असतो, हा आधार त्याला त्यांत सापडला. जूनमध्ये हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू त्याने नष्ट करविली. तिच्यात बंगालच्या अफूबरोबर मुंबई बंदरातून रवाना झालेली माळव्याची अफूही होती, हे आपण विसरू नये.

ग्रंथ लिनच्या बाजूने होता; आरमार ब्रिटनच्या. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले आणि पाच बंदरे खुली झाली. पुढील दोन वर्षांतील तहांनी परकीयांना चिनी न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. चीनच्या भूमीवर गुन्हा करणाऱ्या ब्रिटिशाचा न्याय ब्रिटिश वाणिज्यदूत करू लागला. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहाने तर भाषेवरही हात टाकला. ब्रिटिशांचा निर्देश करताना ‘यी’ हा शब्द चिनी सरकारी कागदपत्रांत वापरू नये, असे त्याचे एक कलमच होते. ब्रिटिशांनी या शब्दाचा अर्थ ‘रानटी’ असा लावला होता. चिनी अधिकारी मात्र तो केवळ चिनी नसलेल्या लोकांचा वाचक आहे असे म्हणत. एका शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हेही शेवटी तोफांनीच ठरविले.

या पार्श्वभूमीवर १८६४ मध्ये पेकिंगला सिद्ध झालेल्या एका भाषांतराचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकन विधिज्ञ हेन्री व्हीटन याचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथ मिशनरी विल्यम मार्टिन याने चिनी सहकाऱ्यांच्या साह्याने भाषांतरित केला. त्याच वर्षी प्रशियाच्या युद्धनौकेने चिनी सागरी हद्दीत डॅनिश जहाजे पकडली. राजपुत्र कुंग याच्या परराष्ट्र कार्यालयाने या नव्या कायद्याच्या आधारे हरकत घेतली आणि जहाजे सुटली. सगळा ग्रंथ आपल्या रीतीशी जुळत नसला तरी त्यात उपयोगी पडण्याजोगे काही आहे, असा निर्वाळा कुंगने दरबाराला दिला.

साहित्याच्या अभ्यासकाला या भाषांतरातली एक शब्दयोजना विशेष विचार करावयास लावते. ‘हक्क’ या कल्पनेसाठी मार्टिनने ‘च्वानली’ हा जोडशब्द योजला. ‘च्वान’ म्हणजे सत्ता, ‘ली’ म्हणजे लाभ. हा जोडशब्द नवा नव्हता. सज्जनाने ज्यांच्या मोहात पडू नये अशा गोष्टींसाठी तो प्राचीन शुन्झीच्या ग्रंथात आला आहे. मराठीत ‘अधिकार’ हा शब्द सत्ता आणि हक्क या दोन्ही अर्थांनी वावरतो. पण त्याच्या जोडीला ‘हक्क’ हा स्वतंत्र शब्द असल्याने भेद टिकून राहतो. चिनीत न्यायाची कल्पना सत्ता आणि लाभ यांच्या जोडीने आली. हा भाषांतरकाराचा दोष म्हणता येईल काय? चीनला तोवर आलेला अनुभव पाहता तो शब्द वस्तुस्थितीला सोडून नव्हता.

पुढच्या पिढीने मात्र हा कायदा मनापासून आत्मसात केला. कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला वेलिंग्टन कू १९१९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत शांतुंगचा प्रश्न घेऊन उभा राहिला. जर्मनीकडील हे हक्क जपानला देण्यात आले. पेकिंगचे विद्यार्थी ४ मे रोजी रस्त्यावर उतरले आणि चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. ब्रिटन व अमेरिका यांनी आपले विशेष न्यायाधिकार सोडले ते १९४३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. ‘विषम तह’ हा शब्दप्रयोग चिनी राजकारणात इतका खोल का रुजला, याचे उत्तर या शतकात आहे. १९५४ च्या भारत-चीन करारातील पंचशीलात सार्वभौमत्वाच्या परस्पर आदराला पहिले स्थान मिळाले, यातही चीनच्या या स्मृतीचा वाटा दिसतो. त्या कराराची मुदत १९६२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले, ही आपली स्मृती आहे.

जागतिकीकरणाच्या काळात चीन या कायद्याच्या घरात सन्मानाने शिरला. १९९९ मध्ये ‘कायद्यानुसार शासन’ हे शब्द त्याच्या राज्यघटनेत आले. पंधरा वर्षांच्या वाटाघाटींनंतर २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि तिच्या न्यायनिवाड्यात वादी-प्रतिवादी म्हणून उभा राहू लागला. पण २०१६ मध्ये फिलिपाइन्सने नेलेल्या दक्षिण चिनी समुद्राच्या वादात लवादाचा निर्णय विरुद्ध गेला, तेव्हा चीनने तो मानला नाही. लवादात तो सहभागीही झाला नव्हता.

लिनजवळ ग्रंथ होता, आरमार नव्हते. आज चीनजवळ दोन्ही आहेत. ज्याने कायद्याचा विषम वापर सोसला, तो बलवान झाल्यावर दुर्बलाला समतेने वागवतोच असे नाही. पाश्चात्त्य सत्तांनी हा धडा शिकवला, हे खरे. परंतु धड्याचे उगमस्थान सांगितल्याने तो गिरवणाऱ्याचे उत्तरदायित्व संपत नाही. ‘च्वानली’तून सत्ता आणि लाभ वजा केल्यावर जे उरावयास हवे, त्याचे भाषांतर अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते एकट्या चिनी भाषेतच व्हावयाचे आहे असे नव्हे.