माँटेसरी, गिजुभाई आणि गोष्ट

आपल्याकडच्या बालशिक्षणाचा इतिहास बहुधा मारिया माँटेसरी यांच्या नावाने सुरू होतो. ते योग्यच आहे. पण त्या इतिहासातला एक मतभेद मला अधिक मोलाचा वाटतो. तो गोष्टीविषयीचा आहे.

माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. मुलाच्या हाताला काम द्या, निवड त्याची त्याला करू द्या, हे त्यांनी जगाला शिकवले. परीकथांबद्दल मात्र त्या साशंक होत्या. लहानग्याला खरे-खोटे वेगळे करता येत नाही. मोठ्यांनी आपल्या कल्पना त्याच्यावर लादू नयेत, आधी त्याला खरे जग पारखू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) मूळचे वकील. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलाचे स्वातंत्र्य आणि इंद्रियशिक्षण त्यांनी माँटेसरींकडून घेतले, पण गोष्ट सोडली नाही. लोककथा मुलांसाठी पुन्हा लिहिल्या, गोष्ट कशी निवडावी आणि सांगावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोक त्यांना प्रेमाने ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

त्यांचे ‘दिवास्वप्न’ मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा सुरुवातीच्याच प्रसंगांशी थांबतो. त्यातला कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेतो, आणि वर्गात नुसता गोंगाट माजतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच पोरे कान देऊन ऐकतात. पुढे वर्गाचे वाचनालय येते, गोष्टींची नाटके होतात. शांततेचा खेळ हा माँटेसरींचाच. तो फसावा आणि गोष्टीने वर्ग जिंकावा, हा मला योगायोग वाटत नाही. शिष्याने गुरूला दिलेले ते नम्र उत्तर आहे.

१९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक भावनगरला आल्या आणि हे काम मराठीशी जोडले गेले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेले. महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूच खेळाचे आणि शिक्षणाचे साहित्य झाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली.

गिजुभाई जून १९३९ मध्ये गेले. काही महिन्यांनी माँटेसरी मद्रासला आल्या. हा वाद समोरासमोर झाला असता तर काय निघाले असते? मला वाटते, दोघांचेही थोडे थोडे खरे ठरले असते. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाने घोडा पाहिलेला किंवा ऐकलेला असावा लागतो. पण घोडा पाहिला म्हणून काठी आपोआप दौडू लागत नाही. त्यासाठी कुणीतरी निवांत बसून गोष्ट सांगावी लागते.

आज गावोगावी माँटेसरींच्या नावाच्या पाट्या आहेत. त्यातल्या मी पाहिलेल्या अनेक वर्गांत तीन वर्षांची मुले अक्षरे गिरवतात, पुस्तके कपाटात असतात आणि गोष्ट वेळ उरला तरच होते. त्या दोघांत मतभेद होता. पण हे दोघांपैकी एकालाही मान्य झाले नसते.