घरबसल्या पशुवैद्यकीय सहायक होता येते का?

घरी बसून केलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रामुळे तुम्हाला जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार किरकोळ उपचारांसाठीही मान्य पदविका किंवा प्रमाणपत्र, राज्य शासनाची परवानगी आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची देखरेख लागते. म्हणून फी भरण्याआधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जाहिरातीवर जाऊ नका.

तुम्ही बचत गटात असाल, तर गावात राहूनच पशुसखी होता येते. पशुसखींना पुढे ‘ए-हेल्प’ प्रशिक्षण दिले जाते. कानात बिल्ला मारणे, लसीकरणात मदत, प्रथमोपचार ही त्यांची कामे. चौकशी राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या (महाराष्ट्रात ‘उमेद’) तालुका कार्यालयात करा.