वस्ती आणि स्मृती : धुळे व जुने जळगाव येथील लोकवस्तीच्या सांस्कृतिक कार्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना नगरपालिका, बाजारपेठ, गिरण्या आणि चळवळी यांना हमखास स्थान मिळते. गल्ली, वाडा व पेठ यांचा उल्लेख मात्र बहुधा पत्त्यापुरताच होतो. वास्तविक कोणतीही कला टिकते ती कलावंताच्या प्रतिभेइतकीच ती ऐकणाऱ्या, लक्षात ठेवणाऱ्या आणि पुढे सोपविणाऱ्या शेजारामुळे. प्रस्तुत निबंधात खानदेशातील धुळे आणि जळगाव या दोन शहरांच्या वस्त्यांनी आपला सांस्कृतिक ठेवा कोणत्या मार्गांनी जपला, याचा तुलनात्मक विचार केला आहे.

धुळे : लिखित स्मृतीची परंपरा

१८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल सुरू झाला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि १८१९ पासून तेथे नवी पेठ वसविण्यास आरंभ झाला. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना घरे बांधण्यासाठी जागा देण्यात आल्या. सरळ रेषेत आखलेल्या येथील गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात.

या आखीव शहरात संग्रहाची व नोंदीची परंपरा रुजली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभेची स्थापना केली व समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळविण्याचे कार्य आयुष्यभर केले. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर हे त्याच कार्याचे फलित होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांनी जमविलेली साधने विखुरली जाऊ नयेत, या जाणिवेतून राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. गल्ली क्रमांक एकमधील या संस्थेमुळे कागदपत्रांचे जतन ही नागरी जबाबदारी ठरली. धुळ्याची स्मृती अशा प्रकारे दप्तरांत आणि पोथ्यांत सुरक्षित झाली.

जुने जळगाव : रथ आणि सामूहिक श्रम

जळगावची वाढ निराळ्या कारणांनी झाली. रेल्वे आणि कापसाचा व्यापार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव भरभराटीस आले. १८६४ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. नव्या बाजारपेठेच्या शेजारी जुन्या वस्तीने मात्र आपले स्वतंत्र जीवन टिकवून ठेवले. १८७२ साली अप्पा महाराज यांनी सुरू केलेला श्रीराम रथोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वहनोत्सव चालतो आणि प्रबोधिनी एकादशीस रथ निघतो.

हा रथ माणसे ओढतात. चाकांखाली मोगरी लावून त्याला वळविणे व थांबविणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. ते पुस्तकातून शिकता येत नाही. जाणत्याच्या बरोबरीने उभे राहूनच ते आत्मसात होते. रथमार्गावरील भिलपुरा येथे लालशाह बाबांच्या समाधीजवळ रथ थांबतो व मुस्लिम बांधव त्याचे स्वागत करतात. अप्पा महाराज व लालशाह बाबा यांच्या स्नेहाची आठवण म्हणून ही प्रथा पाळली जाते. एका मंदिराचा उत्सव संपूर्ण वस्तीचा झाला, तो अशा प्रथांमुळे.

चौधरी वाडा : मौखिक काव्याचा आश्रय

याच जुन्या वस्तीतील चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे आयुष्य गेले. असोद्याच्या माहेराहून तेराव्या वर्षी सासरी आलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोट, मोट, पेरणी, कापणी आणि आखजी हेच त्यांच्या गाण्यांचे विषय. ‘अप्पा महाराज’ या शीर्षकाची त्यांची रचनाही आहे. म्हणजेच रथाची परंपरा आणि वाड्यातील कविता या एकाच परिसरात परस्परांना भेटलेल्या दिसतात.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. निरक्षर कवयित्रीची रचना टिकते कशी? दळताना व शेतात राबताना सुचलेली ओवी जवळच्या माणसांच्या कानावर पडे. त्यांपैकी पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी काही गाणी लिहून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. जी टिपली गेली तीच महाराष्ट्राला मिळाली. जी टिपली गेली नाहीत ती ऐकणाऱ्यांबरोबरच संपली. तेव्हा ऐकणारा शेजार हाच या कवितेचा पहिला कागद होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

निष्कर्ष

धुळ्याने लिहिलेले जपले, तर जुन्या जळगावने बोललेले व हातांनी केलेले जपले. या दोन पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव मानण्याचे कारण नाही; परंतु त्यांना असलेला धोका सारखा नाही. पोथी कपाटात सुरक्षित राहू शकते. गाणे आणि मोगरीचे कसब यांना मात्र माणसांचा सहवास लागतो. २००३ साली दोन्ही शहरे महानगरपालिका झाली आणि २०१८ साली विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव मिळाले. हा गौरव उचितच आहे. तथापि, जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात आणि कुटुंबे नव्या वसाहतींत जातात, तेव्हा एक घर स्मारक म्हणून राखल्याने वस्ती राखली जात नाही. वृद्ध स्त्रियांच्या ओव्या आणि रथाच्या मानकऱ्यांच्या आठवणी गल्लीनिहाय नोंदविण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे अगत्याचे आहे. सोपानदेवांनी आपल्या आईसाठी जे केले, ते आता संपूर्ण वस्तीसाठी करावे लागेल. धुळ्याची दप्तर राखण्याची शिस्त जळगावच्या मौखिक ठेव्यास लाभली, तरच खानदेशाचा सांस्कृतिक इतिहास पूर्णत्वास जाईल.